कुरणाला राखणदार आहे, त्याच्या हाती कागद द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड
तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय वनहक्क समिती,
अलिबाग.

विषय : महाड व पोलादपूर तालुक्यांतील गवळी धनगरांच्या चराईच्या सामूहिक हक्काबाबत.

महोदय,

शिवथर खोऱ्यात समर्थांची घळ पाहायला वर्षभर माणसे येतात. पावसाळ्यात धबधब्यासमोर उभी राहतात, दर्शन घेतात आणि परततात. घळीच्या डोक्यावर, सह्याद्रीच्या कड्याखालच्या माचीवर आणि डोंगराच्या सोंडांवर जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखून राहतात, त्यांच्यापर्यंत फार थोडे पोचतात. वरंध घाटापासून पोलादपूरच्या डोंगरांपर्यंत हे धनगरवाडे विखुरलेले आहेत. एका वाड्यात मूठभर घरे, घराला लागून गोठा, जवळ एखादा झरा आणि पुढे माळ. त्या माळावर चरायचा हक्क त्यांना कायद्याने दिलेला आहे, पण त्याचा कागद त्यांच्या हाती नाही. हा कागद त्यांच्यापर्यंत नेण्याची जबाबदारी कायद्याने आपल्या समितीवर टाकली आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

मी गवळी नाही. खालच्या खाचरांत भात करणाऱ्यांपैकी आहे. पण आमची शेती आणि वरचा वाडा यांचा संबंध जुना आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी सह्याद्रीतल्या गवळी धनगरांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना हेच दिसले. खोऱ्यातली सपाट, पाण्याजवळची जमीन कुणब्याची आणि वरचे उतार, माची, पठारे गवळ्याची. तो म्हशी राखायचा, उतारावर थोडी नाचणी-वरी करायचा, लोणी खाली आणून धान्य न्यायचा. एकाच डोंगरावर राहणाऱ्या दोन समाजांनी डोंगर असा वाटून घेतला होता की एकाच्या पोटावर दुसऱ्याचा पाय पडू नये. रायगडाचा कडा उतरून घरच्या तान्ह्याकडे गेलेल्या हिरकणीची कथा याच महाड तालुक्यातली. गडावर दूध घालणारी ती गवळण होती, असे आपण आपल्या मुलांना सांगतो. आजही रायगडाच्या वाटेवर पर्यटक ज्या बाईच्या हातचे ताक पितो, ती बहुधा अशाच एखाद्या वाडीतून खाली आलेली असते.

या वाटणीत सरकार कधी आले, तेही सांगायला हवे. १८७८ च्या वन कायद्याने डोंगर ‘राखीव’ होऊ लागले. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना महात्मा फुल्यांनी जंगल खात्यावर हाच आरोप ठेवला, की डोंगर आणि गायराने खात्याने घेतली आणि गरिबाच्या जनावराला चरायला जागा उरली नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबाचा पाला, सरपण आणि चराई यांवरून इतका असंतोष माजला, की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. कुलाबा म्हणजे आजचा आपला रायगड. पुढे १९२७ चा भारतीय वन कायदा आला. राखीव वनात जनावर चारणे हा त्याच्या २६ व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि वनात शिरलेले जनावर १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने कोंडवाड्यात जाते. १९७५ मध्ये राज्याने खासगी वने संपादन केली आणि कोकणातले आणखी डोंगर वनखात्याकडे आले. या प्रत्येक पायरीवर नकाशा बदलला. माळावर म्हशी मात्र चरतच राहिल्या, कारण त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. काल जे वहिवाटीने चालत होते, ते दुसऱ्या दिवशी गुन्हा ठरले, आणि ज्याच्यावर तो ठरला त्याला कोणी विचारले नाही.

वनरक्षक आणि गवळी यांच्यातला ताण इथून सुरू होतो. वनरक्षकाला मी दोष देत नाही. मैलोगणती डोंगराचा बीट त्याने एकट्याने सांभाळायचा, रोपवनातली रोपे जगली नाहीत तर उत्तर त्याने द्यायचे, वणवा लागला तर आधी धावायचे त्यानेच. त्याच्या हातात जो कायदा दिला आहे, त्यात गुरे म्हणजे नुकसान एवढीच नोंद आहे. गवळ्याच्या हातात काहीच नाही. म्हणून दोघांमधला व्यवहार मेहेरबानीवर चालतो. एक साहेब समजून घेतो, पुढचा घेत नाही. एका वर्षी माळ मोकळा असतो, पुढच्या वर्षी त्यावर चर खणून रोपे लावली जातात आणि म्हशींची वाट बंद होते. मेहेरबानीवर कोणाचाही धंदा उभा राहत नाही. वाड्यातले तरुण महाडच्या एमआयडीसीत, पुण्याला, मुंबईला निघून जातात, त्यामागचे एक कारण हेही आहे. ज्या माळाचा भरवसा नाही, त्याच्या जिवावर कोण म्हैस विकत घेईल?

२००६ साली संसदेने ही परिस्थिती बदलायचे ठरवले. वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच वननिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे. या कायद्याबद्दल बोलताना आपण सगळे कसल्या जात असलेल्या जमिनीच्या पट्ट्यांबद्दल बोलतो, आणि कातकरी, ठाकूर बांधवांचे दळी जमिनींचे दावे अजून रखडलेले असताना ते बोलायलाच हवे. पण तिसऱ्या कलमाच्या पहिल्या पोटकलमातला (घ) हा खंड चराईचा आहे. वस्ती करून राहणारे असोत वा फिरते, चराईचा हक्क तिथे स्पष्ट मान्य केला आहे. भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा हक्कही त्यात आहे. शिवाय चौथे कलम सांगते, की अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी हे हक्क मान्य केले जात आहेत. म्हणजे १९२७ च्या कायद्याची आडकाठी संसदेने दूर केली आहे. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही ताब्यातून हलवता येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

मग अडते कुठे? धनगर समाज आपल्या राज्यात भटक्या जमाती (क) प्रवर्गात येतो, अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे या कायद्याखाली गवळी धनगर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात, आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात राहून वनावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. हिशेब केला तर ती तारीख येते डिसेंबर १९३०. त्याच वर्षी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता. जंगलावरचा आपला हक्क सांगणारी माणसे ज्या वर्षी या जिल्ह्यात मारली गेली, त्या वर्षीचा कागद आज आपण डोंगरावरच्या निरक्षर पूर्वजांच्या नातवंडांकडे मागतो आहोत. तेव्हा त्या वाड्यांना सातबारा नव्हता, शाळेचा दाखला नव्हता, घरपट्टीची पावती नव्हती. कागद होता तो सरकारकडेच.

आणि तो आजही सरकारकडेच आहे. वनहक्क कायद्याखालच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात गॅझेटियर, जनगणना, सर्वेक्षण आणि जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना, वनचौकशीचे अहवाल हे सारे येते. कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ चे आहे. १८८७ च्या वन आयोगाचा अहवाल आहे. डोंगर राखीव करताना झालेल्या वन जमाबंदीची दप्तरे आहेत. ही शोधायला गवळ्याने म्हशी सोडून अलिबागच्या नाही तर मुंबईच्या अभिलेखागारात जायचे का? वनविभागाचे आणि महसुलाचे नकाशे ग्रामसभेला पुरवणे हे उपविभागीय समितीचे कामच आहे, तसे नियम ६ म्हणतो. त्याच यादीत घराची जोती, बांध, विहिरी, दफनभूमी आणि देवाच्या जागा हाही पुरावा आहे. वाड्याच्या मागे कित्येक पिढ्यांचे देव शेंदूर लावून बसलेले आहेत. आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा आहे. यांपैकी एकापेक्षा अधिक पुरावे असावेत एवढीच अट आहे. अमुकच कागद हवा म्हणून दावा अडवायला कायद्यात आधार नाही.

२०१२ साली नियमांत जी सुधारणा झाली, तिच्यातल्या नियम १२-ब कडे मी आपले खास लक्ष वेधतो. पशुपालक आणि भटक्या समाजांचे दावे ग्रामसभेपुढे दाखल व्हावेत यासाठी जिल्हास्तरीय समितीने साहाय्य करायचे आहे, असे तो सांगतो. दावा आला तर बघू, असे म्हणून समितीला बसून राहता येत नाही. दावा दाखल होईल असे तिने पाहायचे आहे. नियम १२ त्याहून पुढे जातो. पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते स्वतः किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशा वेळीच करायची. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, की डोंगरावरचा माणूस तालुक्याच्या कचेरीत सहज येऊ शकत नाही. म्हणून त्यांनी कचेरीलाच डोंगरावर जायला सांगितले आहे.

यावर एक आक्षेप मनापासून घेतला जातो आणि तो मनापासूनच तपासला पाहिजे. चराईने जंगल संपते, कोवळी रोपे म्हशी-शेळ्या खातात, उतार उघडे पडतात, असे वनखाते म्हणते. त्यात तथ्य आहे. बंधन नसलेल्या चराईने डोंगर बोडके झालेले आपण पाहिले आहेत. पण बंदीने काय होते तेही आपण पाहतो. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात, जिथे जनावर फिरत नाही तिथे पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढे वाढून वाळते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एका ठिणगीने अख्खा उतार पेटतो. मोकळ्या जागी रानमोडी आणि घाणेरी शिरते, तिथे गवतही उगवत नाही आणि झाडही. माळ म्हणजे रिकामी जागा असे समजून तिथे रोपे लावण्याची घाई २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीच्या काळात राज्यभर झाली. पण सह्याद्रीचा गवताळ माळ हे स्वतःच एक जिवंत रान आहे, त्याचे पक्षी, त्याची रानफुले वेगळी आहेत. त्याला झाडांनी भरून काढण्याची गरज नाही.

आणि जंगल राखण्याची अक्कल वाड्यावर नाही, असे कोणी म्हणू नये. याच रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावात काळकाईची देवराई आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तोडीसाठी निघाली, तेव्हा तिथल्या गवळी धनगरांनी माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांकडे धाव घेतली. त्या राईतून बारमाही पाणी येते, राई गेली तर पाणी जाईल, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. तोड थांबली. जंगल कापायला निघालेले सरकारी खाते होते आणि वाचवायला निघालेले गवळी होते, ही आपल्या जिल्ह्याची नोंद आहे. चाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, गाडगीळ यांच्याच अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने निर्णय ग्रामसभेच्या हाती द्यायला सांगितले, त्यामागे असलेच अनुभव होते.

गुरे राखणारे आणि सरकारी वन-जमीन राखणारे यांचे हे भांडण आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत ते सव्वाशे वर्षे चालू आहे. एकट्या नेवाडा राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. १९३४ च्या टेलर चराई कायद्याने तिथल्या पशुपालकांना परवाने मिळू लागले. आजही परवाना साधारण दहा वर्षांचा असतो. तरीही अविश्वास साठत गेला. नेवाडातल्या बंडी कुटुंबाने १९९३ पासून चराईचे शुल्क भरायचे नाकारले आणि एप्रिल २०१४ मध्ये सरकारी माणसे गुरे ताब्यात घ्यायला गेली तेव्हा समोर बंदुका उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये ओरेगनमधल्या एका अभयारण्याची कचेरी सशस्त्र लोकांनी ४१ दिवस बळकावून ठेवली आणि त्या प्रकरणात एकाचा जीव गेला. त्या वाटेचे मी समर्थन करीत नाही. पण त्याच देशात, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर, १९९४ पासून पशुपालक, शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी मालपाई नावाच्या गटात एकत्र बसतात. कोणते माळ जाळायचे, कोणते राखायचे, दुष्काळात कोणाची गुरे कोणाच्या मोठ्या कुरणावर न्यायची, हे ते मिळून ठरवतात. ज्याला कुरण मिळते, तो बदल्यात आपली जमीन तुकडे करून न विकण्याचे बंधन घेतो. आपल्या गवळ्याने कधी काठी उगारली नाही. तो तक्रारही फार मोठ्याने करीत नाही. म्हणून त्याचा प्रश्न तातडीचा नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

आपल्या राज्यातही वाट घालून दिलेली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या ग्रामसभेने जंगल उजाड केले नाही. तिने स्वतःचे नियम केले आणि ते पाळले. हक्क मिळाला की जबाबदारीही येते, कारण कायद्याच्या पाचव्या कलमात वन, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचे कर्तव्यही हक्कधारकांवरच आहे. हक्क मान्य झाला की गवळी चोरून चारणारा राहत नाही, तो त्या माळाचा राखणदार होतो. वणवा लागला तर आपले कुरण जळते आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या सर्व धनगरवाड्यांची आणि त्यांच्या चराईच्या माळांची यादी महाडच्या उपविभागीय समितीने करावी. माळांच्या सीमा गवळ्यांबरोबर पायी फिरून ठरवाव्यात, गुरे त्या माळावर असतात त्या हंगामात.

दुसरी, वाडा डोंगरावर आणि ग्रामपंचायत खाली, त्यामुळे मोठ्या ग्रामसभेत वाड्याचा आवाज पोचत नाही. म्हणून वनहक्काच्या कामासाठी ग्रामसभा वाड्यावर भरवावी. वनहक्क समितीत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. दूध, लोणी, वासरे आणि पाणी हे सगळे बायकाच पाहतात, त्यामुळे कुरणाची खरी माहिती त्यांच्याकडेच आहे.

तिसरी, गॅझेटियर, वन जमाबंदी, कार्य आयोजना आणि जुने नकाशे यांतल्या या वाड्यांच्या नोंदी जिल्हा प्रशासनाने स्वतः शोधून ग्रामसभांना विनामूल्य द्याव्यात.

चौथी, दावे निकाली निघेपर्यंत चराईच्या माळांवर ग्रामसभेच्या संमतीशिवाय नवे रोपवन घेऊ नये आणि त्या माळांवरची गुरे कोंडवाड्यात नेऊ नयेत.

पाचवी, हक्क मान्य झाल्यावर वनविभाग आणि ग्रामसभा यांनी मिळून चराईचा आराखडा करावा. कोणता उतार किती वर्षे बंद ठेवायचा, शेळ्या कुठे नेऊ नयेत, जाळरेषा कोणी आणि कधी काढायच्या, रानमोडी कोणी उपटायची, हे त्यात लिहावे. जाळरेषेचे आणि रानमोडीचे काम वाड्यातल्या तरुणांना रोजगार म्हणून द्यावे.

सहावी, २२ जुलै २०२१ रोजी याच भागातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. तेव्हापासून डोंगरकड्याखालच्या वस्त्यांच्या पुनर्वसनाची चर्चा आहे आणि ती व्हायलाच हवी. पण धनगरवाडा हलवायचा असेल, तर घराबरोबर गोठा आणि कुरण यांची जागाही आराखड्यात असावी. म्हशींना जागा नसलेल्या पुनर्वसनात गवळी सुरक्षित होईल, पण गवळी राहणार नाही. आणि जे वाडे आहेत तिथेच राहणार, त्यांच्यासाठी रस्ता, पिण्याचे पाणी, अंगणवाडी अशा सोयींना वनजमीन देण्याची सवलत तिसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडे, एवढ्या मर्यादेत ग्रामसभेच्या शिफारशीने ते होऊ शकते. आजारी माणूस डोलीतून खाली आणावा लागतो, ही वेळ कोणत्याही वाड्यावर येऊ नये.

यांपैकी एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. लागतो तो आपला आदेश आणि त्याचा पाठपुरावा. पुढच्या जिल्हास्तरीय समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि महाड उपविभागाकडून वाड्यांची पहिली यादी त्याच बैठकीत मागवावी, अशी माझी विनंती आहे.

घाई एका कारणासाठी करायला हवी. वडीलधाऱ्यांची साक्ष कायद्याने पुरावा मानली आहे. ज्यांनी आपल्या आजोबांबरोबर या माळांवर म्हशी राखल्या, कोणत्या झऱ्यावर कोणाचा वाडा होता हे ज्यांना तोंडपाठ आहे, ती माणसे आता फार थोडी उरली आहेत. दप्तरातला कागद आणखी दहा वर्षांनीही सापडेल. या माणसांची साक्ष तोपर्यंत थांबणार नाही. बाकीचे काम टप्प्याटप्प्याने होवो, पण त्यांचे जबाब या वर्षीच वाड्यावर जाऊन लिहून घ्या.

आपला विश्वासू,
शिवथर खोऱ्यातील एक शेतकरी